मध कधी काढावा, कसा काढावा, पेटीत किती ठेवावा

फुलोऱ्याचा बहर ओसरू लागला की हौशी मधपाळांची पत्रे वाढतात. या वेळचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून मधातल्या पाण्यापाशीच येतात. म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे. पत्रे आम्ही संक्षेपाने देत आहोत.

प्रश्न: मधुकोठीतल्या (पेटीच्या वरच्या, मध साठवण्याच्या मजल्यातल्या) चौकटी मधाने भरल्या आहेत, पण मेणाची झाकणे साधारण निम्म्याच घरांवर आहेत. काढणी करावी का?

अजून नाही. फुलांतून येणारा मकरंद पातळ असतो, त्यात बहुधा निम्म्याहून जास्त पाणीच असते. पेटीतल्या माश्या तो एकमेकींच्या तोंडातून फिरवतात, घरांच्या भिंतींना पातळ थर देऊन पसरवतात आणि पंखांचा वारा घालून आटवतात. पाणी १८ टक्क्यांच्या आसपास उतरले की घर काठोकाठ भरून त्यावर मेण चढते. उघड्या घरांतल्या मधाचे हे काम अर्धवट राहिलेले असण्याची शक्यता मोठी.

घाई केली तर काय होते? मधात यीस्ट नैसर्गिकरीत्याच असते. मध दाट असेल तोवर ते वाढू शकत नाही. पाणी १७ टक्के किंवा कमी असले तर आंबण्याची भीती जवळजवळ नसते. १९ टक्क्यांच्या पुढे ती खरी होते आणि २० च्या वर मध फार दिवस टिकेल असे धरूच नये. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकातही सर्वसाधारण मधासाठी कमाल मर्यादा २० टक्केच आहे. आंबलेल्या मधाला वर बारीक फेस येतो, झाकण उघडताना फुस्स आवाज होतो आणि वास आंबूस येतो. त्यावर उपाय नाही.

व्यवहारातला नियम असा: चौकटीच्या दोन्ही बाजू किमान तीन चतुर्थांश झाकलेल्या हव्यात, ८० टक्के असतील तर उत्तम. उरलेल्या उघड्या घरांसाठी झटका देऊन पाहा. चौकट मधुकोठीच्या वरच आडवी धरा आणि खालच्या दिशेने एक झटका द्या. थेंब उडाले तर ती चौकट माश्यांना परत. नवे पांढरे पोळे असेल, विशेषतः तार नसलेले, तर झटका हलका द्या, नाहीतर पोळेच चौकटीतून निसटेल.

मात्र झाकण म्हणजे पक्क्या मधाची हमी नव्हे. हवा दमट असेल तर माश्या १९–२० टक्के पाणी असतानाही घर बंद करतात. सातेरी या देशी माशीच्या मधात हे बऱ्याचदा आढळते. उलट हंगाम संपताना मकरंद येणेच थांबते, घरे पूर्ण भरत नाहीत आणि पक्का मधही उघडाच राहतो. म्हणून चार-पाच पेट्या असणाऱ्याने मधासाठीचा रिफ्रॅक्टोमीटर (मधातले पाणी मोजण्याचे उपकरण) घ्यावा असे आम्ही आग्रहाने सांगतो. फळांच्या रसासाठीचा चालत नाही, त्याची पट्टी मधाच्या दाटपणापर्यंत पोहोचत नाही. मधाच्या उपकरणाची पट्टी बहुधा १२ ते २७ टक्के पाण्याची असते. याच कारणाने ते साध्या पाण्याने जुळवता येत नाही, सोबत मिळणारा काचेचा ठोकळा किंवा तेल वापरावे लागते. चौकटीच्या तीन-चार जागांहून मध घ्या, एकत्र करा, एक थेंब काचेवर पसरा आणि अर्धा मिनिट थांबून वाचा. थेंबात खडे असतील तर आकडा फसवा येतो.

आणखी एक सावधगिरी. 'बाकीच्या चौकटी पक्क्या आहेत, एक ओली मिसळली तर सरासरी निघेल' हा हिशोब धोक्याचा आहे. पातळ मध हलका असतो. नीट ढवळला नाही तर तो भांड्यात वर येऊन थांबतो आणि आंबणे त्या थरातूनच सुरू होते.

प्रश्न: मध काढून झाला आणि मोजल्यावर पाणी २१ टक्के निघाले. मंद आचेवर आटवावा का?

आचेवर अजिबात नको. उष्णतेने मधातले एन्झाइम निकामी होतात, सुगंध उडतो आणि हायड्रॉक्सीमिथाइलफरफुरल नावाचे द्रव्य वाढते. मध तापवला गेला किंवा जुना झाला हे प्रयोगशाळा याच द्रव्यावरून ओळखते. कोडेक्सची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम, उष्ण कटिबंधातल्या मधासाठी ८० मिलिग्रॅम आहे.

मध अजून चौकटींत असता तर काम सोपे होते. लहान बंद खोलीत मधुकोठ्या एकमेकींवर आडव्या-तिरप्या रचायच्या, खाली फटी ठेवायच्या, खोलीचे तापमान ३० ते ३५ अंश, एक पंखा आणि हवेतली आर्द्रता ओढून घेणारे यंत्र. पोळ्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने पाणी एक-दोन दिवसांत एखाद-दोन टक्क्यांनी उतरते. अशा खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली हवी, कारण दमट हवेत मध पाणी सोडण्याऐवजी ओढून घेतो. काढलेल्या मधासाठी तीच खोली, पण मध पसरट भांड्यांत उथळ ओतून अधूनमधून ढवळायचा. वेळ खूप लागतो. ते जमणार नसेल तर मध फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा आणि कोणाला साठवणीसाठी देऊ नका. तो आपल्याच निरोगी माश्यांना परत खाऊ घालता येतो, मात्र आंबण्यापूर्वी. आंबलेल्या मधाने माश्यांना हगवण लागते.

प्रश्न: चौकटींवरच्या माश्या हटवताना त्या फार चवताळतात. काही निश्चित पद्धत आहे का?

आधी वेळ बघा. स्वच्छ ऊन, वारा कमी, मकरंद अजून थोडा येतो आहे आणि कामकरी माश्या मोठ्या संख्येने बाहेर आहेत, ही काढणीची वेळ. ढगाळ दिवशी, संध्याकाळी किंवा फुलोरा संपून आठवडे झाल्यावर पेटी उघडली तर घरी असलेल्या सगळ्या माश्या राखणीला उभ्या राहतात.

स्मोकरमध्ये (माश्या शांत करण्यासाठी धूर सोडण्याच्या भांड्यात) वाळलेला पाला, गोणपाटाचे तुकडे किंवा लाकडाचा भुसा चालतो. रंगवलेले, तेल लागलेले किंवा कृत्रिम धाग्याचे काहीही नको. धूर पांढरा, दाट आणि हाताला गार लागला पाहिजे. ठिणग्या येत असतील तर वरून ओला पाला दाबा. दारात दोन-तीन झोत, एक-दोन मिनिटे थांबा, मग झाकण उचलून वरून एखादा हलका झोत. मधुकोठीत धूर भरत राहू नका. मेण आणि मध दोन्ही वास धरतात आणि धुरकट मधाचा वास नंतर जात नाही.

दोन-तीन पेट्यांसाठी झटकणे आणि ब्रश पुरेसे आहेत. चौकटीचे दोन्ही कान घट्ट धरून पेटीच्या दारासमोर एक खालच्या दिशेचा झटका, उरलेल्या माश्या मऊ, लांब केसांच्या ओलसर ब्रशने खालून वर झाडायच्या. कोरड्या ब्रशने माश्यांचे पाय अडकतात आणि त्या चिडतात. साफ झालेली चौकट लगेच रिकाम्या पेटीत ठेवा आणि वर ओले फडके टाका. उघडी राहिलेली मधाची चौकट इतर पेट्यांच्या माश्यांना आमंत्रण देते. एकदा लूटमार सुरू झाली की कमकुवत वसाहतीचा जीव जाऊ शकतो.

यापेक्षा शांत मार्ग म्हणजे एकेरी वाटेची फळी. ती मधुकोठीच्या खाली बसवली की माश्या खाली जातात, वर येण्याची वाट त्यांना सापडत नाही. २४ ते ४८ तासांत मधुकोठी जवळपास रिकामी होते. फळी अपयशी ठरते ती ठराविक कारणांनी: मधुकोठीत पिलावा (अंडी, अळ्या, कोष) राहिला असेल तर माश्या त्याला सोडून जात नाहीत, राणी वर अडकली असेल तर तेच, आणि झाकणाला फट असेल तर राखणदार नसलेला मध बाहेरच्या माश्या नेतात. दोन दिवसांहून जास्त ठेवली तर माश्या परत वर येण्याची वाट शोधतात.

प्रश्न: माझ्याकडे दोनच पेट्या आहेत. मधयंत्र (चौकटी फिरवून मध बाहेर काढणारे) घ्यावे, की पोळे कुस्करून गाळावे?

दोन पेट्यांसाठी कुस्करणे चालेल, पण त्याची किंमत कोण मोजते ते लक्षात ठेवा. एक किलो मेण तयार करण्यासाठी माश्यांना ६ ते ८ किलो मध खावा लागतो असा सर्वमान्य अंदाज आहे. यंत्रातून काढलेले पोळे शाबूत परत मिळते आणि माश्या लगेच भरू लागतात. कुस्करलेले त्यांना पुन्हा पहिल्यापासून बांधावे लागते. जवळच्या चार-पाच मधपाळांनी मिळून एक यंत्र वापरणे हा आमच्या मते उत्तम मार्ग आहे.

कुस्करायचेच असेल तर मेणपत्र्यापर्यंतचे पोळे खरवडून काढा, मधला पत्रा तसाच राहू द्या, म्हणजे निदान पाया वाचेल. परागकणांनी भरलेली घरे आधी बाजूला काढा, नाहीतर मध गढूळ होतो आणि चव बदलते.

प्रश्न: मधयंत्रात पोळी तुटतात. गती कमी ठेवली तर मध आत राहतो. काय चुकते?

तुमच्या वर्णनावरून यंत्र असे आहे की त्यात चौकटीची एक बाजू जाळीला टेकते, म्हणजे एका वेळी बाहेरचीच बाजू रिकामी होते. अशा यंत्रात आतल्या बाजूचा मध पूर्ण वजनानिशी पोळ्यावर रेटा देतो. बाहेरची घरे रिकामी झालेली असताना गती वाढवली की पोळे जाळीत घुसून फुटते. म्हणून क्रम असा ठेवा: पहिली बाजू हळू फिरवून साधारण अर्धी रिकामी करा. चौकट उलटा. दुसरी बाजू आधी हळू, मग पूर्ण गतीने संपवा. पुन्हा उलटून पहिली बाजू पूर्ण गतीने संपवा. काम वाढते, पण पोळी वाचतात. चौकटी चाकाच्या आऱ्यांसारख्या बसतात त्या यंत्रात दोन्ही बाजू एकदम निघतात आणि उलटावे लागत नाही, तरी सुरुवात हळूच करायची.

समोरासमोरच्या चौकटी वजनाने सारख्या निवडा. यंत्र थरथरत असेल तर दोष बहुधा वजनाचा असतो. त्या हंगामातली नवी पांढरी पोळी शेवटी घ्या आणि त्यांतला थोडा मध आत राहिला तर राहू द्या. पिलावा असलेली चौकट यंत्रात कधीही घालू नका. अळ्या मधात उडतात, मध नासतो, आणि ती वाढती पिढी तुमच्याच हाताने मरते.

मध बाहेर येत नाही याचे कारण बहुधा थंडी. २० अंशांखाली मध जाळीवरही हलत नाही, २५ ते ३० अंशांना सहज वाहतो. चौकटी पेटीतून काढल्या त्याच दिवशी, ऊब आहे तोवर काम उरका. घरांतच खडे झालेला मध यंत्राने निघत नाही. मोहरीवर्गातल्या पिकांवरचा मध असा फार लवकर बसतो, त्यामुळे त्या फुलोऱ्यात ८० टक्के झाकण झाले की लगेच काढणी करा.

झाकणे कापताना करवती दातांची लांब सुरी गरम पाण्यात बुडवा आणि प्रत्येक वेळी पूर्ण कोरडी पुसून मगच लावा. सुरीवरचे पाणी मधातच जाते. चौकट किंचित पुढे झुकवून उभी धरा, म्हणजे कापलेला पापुद्रा पोळ्याला न चिकटता खाली पडतो. खोलगट भाग काट्याने उघडा. जमलेली झाकणे रात्रभर जाळीवर निथळू द्या. त्यांतून निघणारा मध थोडाथोडका नसतो, शिवाय किलोमागे १० ते २० ग्रॅम स्वच्छ मेण मिळते.

तुटलेले पोळे टाकू नका. चौकटीत बसवून सुती दोऱ्याने बांधा. माश्या ते जोडतात आणि दोरा कुरतडून बाहेर काढतात.

प्रश्न: मध कितीदा गाळावा? कापडातून गाळला तर अर्ध्यावर अडतो.

दोनदा पुरे. आधी सुमारे दीड मिलिमीटर छिद्राची जाळी, मग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची. घट्ट विणीचे कापड मेणाच्या कणांनी तुंबते आणि त्याची गरजही नाही. उरलेले कण आणि हवेचे बुडबुडे उंच भांड्यात २४ ते ४८ तास मध झाकून ठेवला की वर येतात. तो थर काढा आणि खालच्या तोटीतून बाटल्या भरा. शेवटची बाटली वेगळी ठेवा. मध उंचावरून ओतू नका, हवा मिसळते.

भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकची. जस्ताचा मुलामा दिलेली किंवा तांब्याची भांडी नकोत, कारण मध आम्लधर्मी असतो आणि धातू विरघळवतो. एक लिटर मधाचे वजन साधारण १.४ किलो भरते, म्हणजे अर्ध्या किलोसाठी सुमारे ३६० मिलिलिटरची बाटली लागते. बाटल्या हाडासारख्या कोरड्या हव्यात. अवजारे धुताना आधी गार पाणी, मग गरम. उलट केले तर वितळलेले मेण सगळीकडे बसते.

दुसऱ्याला मध देताना काढणीची तारीख लिहा, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये हेही लिहा. मधात बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही, तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते, आणि मध गरम करून ते मरत नाहीत.

प्रश्न: माश्यांसाठी किती मध ठेवावा?

शिशुकोठीतल्या (पेटीच्या खालच्या, राणी आणि पिलावा असलेल्या भागातल्या) मधाला हात लावू नये. फक्त मधुकोठीतला काढावा, आणि तोही शिशुकोठीत साठा आहे हे पाहून. किती किलो हे पुढचा फुलोरा किती लांब आहे यावर ठरते. लांब, कडक हिवाळ्याच्या प्रदेशात युरोपीय माशीच्या सशक्त वसाहतीला २० ते ३० किलो किंवा त्याहूनही जास्त लागतो, जिथे टंचाई थोड्या आठवड्यांची आहे तिथे बरेच कमी. अंदाजासाठी, लँगस्ट्रॉथ नमुन्याच्या पेटीतल्या मोठ्या चौकटीत दोन्ही बाजूंनी भरलेला मध अडीच ते तीन किलो असतो. सातेरीचे साठे लहान असतात आणि ती उपासमार सोसत बसत नाही, पेटी सोडून निघून जाते. 'पेटी रिकामी का झाली' म्हणून विचारणाऱ्या मधपाळाने आधी आपण शेवटची काढणी किती खोल केली होती ते पाहावे.

आणि कृपा करून मधुकोठी बसवलेली असताना साखरेचा पाक देऊ नका. माश्या तो वर नेऊन साठवतात आणि तुम्ही काढता तो मध राहत नाही. उसाच्या साखरेची ही भेसळ कार्बनच्या समस्थानिकांच्या चाचणीत पकडली जाते, पण चाचणी होवो न होवो, तो मध नव्हे. पाक द्यायचाच तर मधुकोठी उतरवल्यावर, आणि साठ्यासाठी वजनाने दोन भाग साखर, एक भाग पाणी.

प्रश्न: माझा मध गोठला. लोक भेसळ म्हणतात.

चुकीचे म्हणतात. मधातल्या ग्लुकोजचे खडे होतात, ज्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर बसतो. १४ अंशांच्या आसपास ही क्रिया सर्वात वेगाने होते. पातळ करायचा असेल तर बाटली ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात नाही. फक्त वर पातळ आणि खाली खडे असा दुभंगला असेल तर आधी तो पातळ करून ढवळा, कारण वरच्या थरात पाणी जास्त असते.

प्रश्न: व्हरोआ माइटसाठी (माश्यांवर जगणाऱ्या परजीवी किडीसाठी) औषध लावले होते. मध काढू शकतो का?

औषधाच्या वेष्टनावर मधुकोठी असताना वापरण्याची स्पष्ट परवानगी नसेल, तर त्या काळात मधुकोठीत असलेला मध खाण्यासाठी काढू नका. काही औषधे मेणात मुरतात आणि महिनोन्महिने राहतात. प्रतिजैविके दिली असतील तर नियम आणखी कडक. उपचार काढणीनंतर लगेच करणे सर्वात सोयीचे.

प्रश्न: काढणीनंतर ओल्या चौकटींचे काय करावे? गेल्या वर्षी साठवलेल्या सगळ्या मेणपतंगाने खाल्ल्या.

ओल्या चौकटी संध्याकाळी उशिरा, त्याच पेटीवर, आतल्या झाकणाच्या वर ठेवा. दोन-तीन दिवसांत माश्या त्या चाटून कोरड्या करतात. उघड्यावर ठेवून 'सगळ्या माश्या येऊन साफ करतील' असे करू नका. त्यातून लूटमार आणि रोग दोन्ही पसरतात.

मेणपतंगाच्या अळीला नुसते मेण पुरत नाही. तिला परागकण आणि पिलाव्याच्या कातींचे अवशेष लागतात, म्हणून ज्यांत कधी पिलावा वाढला ती काळी पोळी आधी जातात. राणीरोधक जाळी (राणीला वर जाऊ न देणारी) वापरून मधुकोठीत पिलावा होऊ दिला नाही तर अर्धे काम होते. साठवण्यापूर्वी चौकटी उणे १८ अंशांना दोन दिवस ठेवल्या की अंड्यांसह सगळे मरते. बाहेर काढल्यावर पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पोळ्यावर दव धरते. मग एकतर घट्ट बंद, किंवा उजेड आणि वारा लागेल अशा उघड्या रचून ठेवा. मेणपतंगाला अंधार आणि कोंदटपणा हवा असतो. डांबराच्या गोळ्या मात्र वापरू नका, त्यांतले नॅफ्थलीन मेणात शिरते आणि पुढच्या हंगामाच्या मधात उतरते. साठवलेल्या चौकटी दर तीन-चार आठवड्यांनी उघडून पाहा, आणि पोळ्यात रेशमी बोगदे दिसले की ती चौकट त्याच दिवशी बाजूला काढून पुन्हा गोठवा.